अंतर कोणी ठरवायचे?

समाजात स्त्री-पुरुषांनी एकमेकांत किती मिसळावे, या प्रश्नाला इस्लाम काय उत्तर देतो, ही चर्चा आपल्याकडे निघाली की दोन तयार उत्तरे पुढे केली जातात. पहिले असे की, त्या धर्माने स्त्रीला कोंडूनच ठेवले आहे, तेव्हा अधिक बोलण्याचे कारण नाही. दुसरे असे की, हा श्रद्धेचा विषय आहे, इतरांनी त्यात तोंड घालू नये. ही दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्हींत विचार करण्याचे श्रम वाचतात. परंतु गेल्या काही वर्षांतील घटनांनी ही दोन्ही उत्तरे खोटी पाडली आहेत. 2018 आणि 2019 या दोन वर्षांत सौदी अरेबियाने स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवणाऱ्या कित्येक भिंती पाडल्या, तर 2021 नंतर अफगाणिस्तानात तालिबानी राजवटीने त्याच भिंती पूर्वीपेक्षाही उंच उभारल्या. दोघांचा ग्रंथ एक, प्रेषित एक, काळही एकच. तरीही एकाने दार उघडले आणि दुसऱ्याने ते लावून घेतले. तेव्हा धर्म काय सांगतो, एवढे विचारून भागत नाही. तो कोण वाचतो आणि वाचणाऱ्याच्या हातात दंडा आहे काय, हेही विचारावे लागते.

प्रथम धर्मग्रंथाकडे वळू. कुराणाच्या ‘नूर’ या अध्यायात दृष्टी आवरण्याची आणि शील राखण्याची आज्ञा आहे. ती आधी पुरुषांना आहे आणि त्यानंतर स्त्रियांना. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढील शतकांत पहिल्या आज्ञेचा जवळजवळ विसर पडला आणि दुसरीचा तेवढा कायदा झाला. ‘अहजाब’ या अध्यायातील पडद्याचा उल्लेख प्रेषितांच्या पत्नींकडे काही मागावयास येणाऱ्या लोकांच्या संदर्भात आहे. तो त्या घरापुरता मानावा की साऱ्या स्त्रियांना लावावा, यावर मुस्लिम पंडितांत जुना मतभेद आहे. शास्त्रकार दोन गोष्टींत भेद करतात. एक ‘खलवत’, म्हणजे परक्या स्त्री-पुरुषांचा बंद दाराआडचा एकांत. आपल्या मराठीतील ‘खलबत’ हा शब्द त्याच मुळातून आला आहे. दुसरा ‘इख्तिलात’, म्हणजे चारचौघांत, बाजारात, विद्यालयात होणारे मिसळणे. पहिल्याला बहुतेक सर्वांचा विरोध आहे. दुसऱ्याबाबत मात्र एकमत कधीच नव्हते आणि स्त्री-पुरुषांच्या वावराचा नियम म्हणून हा शब्द कुराणात आलेलाही नाही.

इतिहासही हेच सांगतो. प्रेषितांच्या पहिल्या पत्नी खदीजा या मक्केतील व्यापारी होत्या आणि विवाहापूर्वी प्रेषितांनी त्यांच्याच व्यापाराचे काम पाहिले होते. प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांच्याकडून पुरुषांनी धर्मवचने ऐकली आणि ती पुढील पिढ्यांना दिली. मदिनेच्या मशिदीत स्त्रिया पुरुषांच्या मागच्या रांगांत, त्याच छपराखाली नमाज पढत असत. देवाच्या घरी जाण्यापासून स्त्रियांना अडवू नका, अशा आशयाचे प्रेषितांचे वचन मुस्लिम परंपरा प्रमाण मानते. आणि मक्केतील काबागृहाभोवतीची प्रदक्षिणा तर आजही स्त्री-पुरुष एकत्रच घालतात. यात्रेचे व्रत घेतलेल्या स्त्रीने तोंडावर बुरखा बांधू नये, असाच तेथील दंडक आहे. ज्या स्थळाकडे तोंड करून जगभरचे मुसलमान नमाज पढतात, त्या स्थळीच जर मिसळणे पाप ठरत नाही, तर ते दुकानात आणि दवाखान्यात पाप कसे ठरते, हा प्रश्न विचारणारे खुद्द मुस्लिम समाजातच पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. कासिम अमीन यांनी 1899 साली कैरोत स्त्रीमुक्तीवर ग्रंथ लिहून वादळ उठविले. 1923 साली हुदा शारावी यांनी कैरोच्या रेल्वे स्थानकावर चेहऱ्यावरील बुरखा दूर केला. याउलट मौलाना मौदुदी यांच्यासारख्या विचारवंतांनी पडद्याचे तेवढ्याच आवेशाने समर्थन केले. म्हणजे हा वाद बाहेरच्यांनी लादलेला नसून तो घरातलाच आहे.

आता सौदी अरेबियाचे उदाहरण पाहू. आखातात नोकरीधंद्यासाठी राहून आलेल्या गोमंतकीयांना तेथील उपाहारगृहांची दोन दारे आठवत असतील, एक कुटुंबांसाठी आणि एक एकट्या पुरुषांसाठी. ही व्यवस्था सनातन आहे, असा तेथील धर्माधिकाऱ्यांचा दावा असे. वस्तुस्थिती अशी की, ती इतकी कडक होण्याचे एक मोठे कारण राजकीय होते. 1979 च्या नोव्हेंबरात जुहैमान अल-ओतैबी याच्या सशस्त्र टोळीने मक्केची मुख्य मशीद ताब्यात घेतली. बंड मोडून काढण्यात आले, पण हादरलेल्या राजघराण्याने धर्मगुरूंचा पाठिंबा टिकविण्यासाठी त्यांना समाजजीवनावर अधिक मोकळा हात दिला. सिंहासनाच्या सुरक्षिततेची किंमत स्त्रियांनी मोजली. 1990 साली 47 स्त्रियांनी रियाधच्या रस्त्यावर मोटारी चालविल्या, तेव्हा त्यांना ताब्यात घेण्यात आले. 2002 च्या मार्चमध्ये मक्केतील मुलींच्या एका शाळेला आग लागून 15 मुली मृत्युमुखी पडल्या. मुलींच्या डोक्यावर पुरेसे वस्त्र नाही म्हणून धर्मरक्षक पोलिसांनी सुटकेच्या कामात अडथळा आणला, असे तेथीलच वृत्तपत्रांनी छापले. सरकारने तो आरोप मानला नाही, तरी मुलींच्या शिक्षणाचे खाते धर्मखात्याच्या हातून काढून घेतले, हे पुरेसे बोलके आहे.

पुढे वारा फिरला. 2009 साली तांबड्या समुद्राच्या काठी राजे अब्दुल्ला यांच्या नावाचे विज्ञान विद्यापीठ उघडले आणि तेथे मुलगे व मुली एकत्र शिकू लागले. त्यावर टीका करणाऱ्या एका ज्येष्ठ धर्मगुरूला सर्वोच्च धर्मपरिषदेतून दूर करण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस मक्केतील धर्मरक्षक दलाचे प्रमुख अहमद अल-गामदी यांनीच जाहीर केले की, मिसळण्याला धर्मात बंदी नाही. 2016 मध्ये या दलाचा अटकेचा अधिकार गेला. 2018 च्या जानेवारीत स्त्रिया फुटबॉलच्या मैदानावर सामना पाहावयास बसल्या, एप्रिलमध्ये चित्रपटगृह उघडले, जूनमध्ये स्त्रियांच्या हाती मोटारीचे चक्र आले आणि 2019 च्या डिसेंबरात उपाहारगृहांवरची दोन दारांची सक्तीही उठली. एकाही आयतीचा शब्द बदलला नव्हता. बदलला होता तो राजवाड्याचा हिशेब.

या बदलाचे आम्ही स्वागत करतो. परंतु त्यातील मेखही नजरेआड करीत नाही. मोटार चालविण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडलेल्या लुजैन अल-हथलूल यांना ती बंदी उठण्याच्या अवघा महिनाभर आधी, 2018 च्या मे महिन्यात पकडण्यात आले आणि त्यांची तुरुंगातून सुटका झाली ती 2021 च्या फेब्रुवारीत. याचा अर्थ उघड आहे. सवलत घ्या, पण ती तुम्ही मागून मिळविली असे म्हणू नका! जी गोष्ट राजाच्या मर्जीने मिळते, ती त्याच्या मर्जीने जाऊही शकते. भिंत पाडण्याचा हुकूम आणि भिंत बांधण्याचा हुकूम यांत स्त्रीच्या दृष्टीने फरक मोठा आहे खरा. पण दोन्ही वेळी तिला कोणी विचारले नाही, हे साम्य त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

अफगाणिस्तानात हीच गोष्ट उलट्या दिशेने आणि अतिशय क्रूरपणे घडली. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले. सहावीच्या पुढील मुलींच्या शाळांची दारे बंद झाली, 2022 च्या नोव्हेंबरात उद्याने आणि डिसेंबरात विद्यापीठे स्त्रियांना बंद झाली. विद्यापीठात मुले-मुली मिसळतात, हेही एक कारण सांगण्यात आले. यावर कैरोच्या अल-अजहर या सुन्नी पंथाच्या मान्यवर विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी, ही बंदी शरियतच्या विरुद्ध आहे, असे स्पष्ट बजावले. तरी काबूलचे कान उघडले नाहीत. 2024 च्या डिसेंबरात सुइणी आणि परिचारिका यांचे शिक्षणही बंद करण्यात आले. यातील विसंगती भयंकर आहे. स्त्री रुग्णाला परक्या पुरुषाने हात लावू नये, असे एका तोंडाने सांगावयाचे आणि स्त्रीने वैद्यकीचे शिक्षण घेऊ नये, असे दुसऱ्या तोंडाने! मग अडलेल्या बाळंतिणीने जावे कोठे? शील जपण्याच्या नावाने तिचा जीवच पणाला लावला जातो. 2025 च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानच्या दोघा श्रेष्ठींविरुद्ध स्त्रियांच्या छळाबद्दल अटकेचे हुकूम काढले, ते यामुळेच.

मग स्त्रियांसाठी वेगळी जागा असूच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. महर्षी कर्वे यांनी 1916 साली महिलांचे स्वतंत्र विद्यापीठ काढले, तेव्हा मुलींना मुलांबरोबर पाठविण्यास नाखूश असलेल्या घरांतूनही मुली शिकावयास बाहेर पडल्या. मुंबईच्या आगगाडीतील बायकांच्या डब्याला कोणी तुरुंग म्हणत नाही. वेगळी जागा हा जिना असू शकतो, तशीच ती भिंतही असू शकते. ओळखण्याची खूण सोपी आहे. त्या जागेतून पुढे जाता येते काय, आणि जाण्याचा निर्णय तिचा असतो काय? बुरखा घेऊन महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि बुरखा नाही म्हणून घरी बसविलेली मुलगी यांत जो भेद आहे तोच हा. म्हणूनच तिच्यावर वस्त्र लादणारा आणि ते ओढून काढणारा, असे दोघेही तिला सारखेच अज्ञान समजतात.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीवर आला आहे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात स्त्रिया पूर्वी थेट मजारीपर्यंत जात असत. पुढे विश्वस्तांनी ती वाट बंद केली आणि पुरुष संताच्या समाधीजवळ स्त्रीने जाणे पाप आहे, असे कारण दिले. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी दाद मागितली आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली. 2019 साली पुण्यातील एका दांपत्याने मशिदीत स्त्रियांना मुक्त प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा खुद्द मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळाने 2020 मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितले की, स्त्रीला मशिदीत येण्यास इस्लामची मनाई नाही. धर्माची मनाई नाही, तरी असंख्य मशिदींत तिला जागा नाही! शास्त्र आणि व्यवहार यांतील ही दरी कोणी खणली, याचे उत्तर त्या समाजातील पुरुषांनी द्यावयाचे आहे. 1966 साली हमीद दलवाई यांनी अवघ्या सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला होता. ती संख्या लहान होती, पण प्रश्न विचारणाऱ्या त्या स्त्रिया होत्या, हे त्या मोर्चाचे खरे मोल होय.

हे वाचून आमच्या हिंदू वाचकांनी समाधानाचा सुस्कारा टाकू नये. हाजी अलीचा निकाल लागला त्याच वर्षाच्या एप्रिलपर्यंत शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रीला पाय ठेवता येत नव्हता. शबरीमलैच्या पायऱ्यांवर 2018 साली काय घडले, ते सर्वांनी पाहिले. आपल्या शेजारच्या मंगळूरला 2009 च्या जानेवारीत मद्यगृहात बसलेल्या तरुणींना संस्कृतिरक्षकांनी मारहाण केली, तेव्हा त्यांच्या हातात कोणताही अरबी ग्रंथ नव्हता. आणि गोषा हा तर आपल्याही सरदार घराण्यांत मोठेपणाचे लक्षण मानला जात होता. दुसऱ्याच्या अंगणातील भिंत मोजताना आपल्या माजघराचा उंबरठाही मोजावा, एवढी नीती आपण पाळली पाहिजे. तसे केले तरच शेजारच्या मुस्लिम भगिनीला आपला शब्द सहानुभूतीचा वाटेल. एरवी तिला त्यात कुत्सितपणाच दिसेल, आणि तो दिसला तर दोष तिचा नव्हे.

स्त्री-पुरुषांत अंतर किती असावे, हे प्रत्येक समाज आपल्या रीतीने ठरवीत आला आहे आणि पुढेही ठरवील. मर्यादा कोणत्याही सुसंस्कृत समाजाला असतेच. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या दोघांमधले ते अंतर आहे, त्यांतील एकानेच ते मोजू नये. रियाधमध्ये दार उघडले, काबूलमध्ये लागले. दोन्हीकडे किल्ली पुरुषांच्याच कमरेला राहिली. ती किल्ली निम्मी स्त्रीच्या हाती येईल, तेव्हाच ‘नूर’ अध्यायातील त्या विसरलेल्या पहिल्या आज्ञेला, म्हणजे पुरुषाने आधी आपली दृष्टी आवरावी या आज्ञेला, खरा अर्थ येईल. आणि ही आज्ञा पाळण्यास मुसलमान असण्याचीही गरज नाही.