गणपतीला निघण्याआधी बॉनेट उघडा

मुंबई, ठाणे, पुण्याहून गणपतीसाठी गाडी घेऊन कोकणात निघणाऱ्या प्रत्येकाला हे कळकळीचं सांगणं आहे, आणि निघायच्या आदल्या रात्री वाचून त्याचा उपयोग नाही. टायरची हवा, वायपर, ब्रेक सगळेच बघतात. या आठवड्यात आणखी एक करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्यावर, गाडी चालू करा, बॉनेट उघडा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. टिक-टिक किंवा फट-फट असा बारीक आवाज येतोय, रेज दिली की तो जलद होतोय आणि इंजिन तापलं की विरून जातोय, तर एक्झॉस्ट कुठेतरी लीक आहे असं धरून चाला. तो दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत पोराबाळांना बसवू नका.

आवाज विरला म्हणजे दुखणं बरं झालं असं नव्हे. सिलिंडरांचा धूर गोळा करणारं बिडाचं मॅनिफोल्ड तापून प्रसरण पावलं, फट तेवढ्यापुरती मिटली, इतकंच. लीक मोठा असेल तर तो गरम इंजिनातही मिटत नाही. थंड इंजिनात टॅपेटही वाजतात, त्यामुळे बरेच जण ‘टॅपेट आहे, चालायचंच’ म्हणून बॉनेट लावून टाकतात. म्हणूनच नुसत्या कानावर विसंबू नका, टॉर्च घेऊन बघा. मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला बोल्टने आवळलेलं असतं, तिथल्या पॅकिंगच्या कडेला काजळीची रेघ उमटलेली दिसली की शंका मिटली, लीकच आहे. तुटलेला स्टड, सैल नट, मॅनिफोल्डला केसासारखी गेलेली चीर, ही नेहमीची ठिकाणं. त्यापुढे गाडीखालचा जाळीचा लवचीक पाइप आणि सायलेन्सरचे सांधे येतात. कोकणात गाडी ठेवणाऱ्यांना खाऱ्या हवेने पत्रा कसा खाल्ला जातो हे सांगायला नको.

आता हे इतक्या घाईने का सांगतोय ते ऐका. धावत्या गाडीत बॉनेटखालचा धूर वारा मागे उडवून नेतो. पण गणपतीच्या आदल्या दिवशी वडखळ-माणगावच्या रांगेत गाडी धावत नाही, तासन्‌तास उभी राहते. बाहेर पाऊस, काचा बंद, एसी चालू, मागच्या सीटवर मुलं झोपलेली. एसीला बाहेरची हवा मिळते ती पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेपाशी. मॅनिफोल्डला लीक असेल तर इंजिनाचा कच्चा धूर तिथूनच ब्लोअर ओढून घेतो. आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलं तर शेजारच्या ट्रकचा धूर कमी होतो, हे खरं. पण आपल्याच गाडीच्या तळातून विष येत असेल तर त्याच बटणाने ते आत कोंडलं जातं. कुठलंही बटण यातून सुटका करत नाही.

हे विष म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते. घाटाच्या रस्त्यावर ही सगळी लक्षणं आपण ‘गाडी लागली’ या दोन शब्दांत गुंडाळतो, हाच मोठा धोका. करोनात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवं ठरतं: कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिनही ते ऑक्सिजनवालं म्हणून मोजतं आणि ९८ दाखवत राहतं. गाडी सीएनजीची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गॅस अर्धवट जळला की त्यातूनही हेच बाहेर पडतं. पीयूसीचा कागदही इथे साक्षीला चालत नाही, कारण तपासणीची नळी सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडात घालतात. धूर त्याआधीच गळून गेला तर यंत्राला तो दिसणार कसा?

ईको किंवा जुनी ओम्नी घेऊन निघणाऱ्यांनी, आणि ती भाड्याने ठरवणाऱ्यांनी, हे दोनदा वाचावं. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मॅनिफोल्ड लीक झालं तर धूर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये उरतं ते फक्त इंजिनावरचं झाकण आणि त्याचं रबर. ते रबर चिरलंय का, झाकण नीट बसतंय का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. आणि कोणतीही गाडी असो, सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधू नका. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो. यासाठी लीकचीही गरज नाही.

घरी तपासायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. इंजिन बंद आणि थंडगार असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावा, भोवती फडकं गुंडाळा, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारा. फुगे आले तिथे लीक. मात्र मफलरच्या तळाला पाणी निथळायला कंपनीनेच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. तिथे फुगे आले तर घाबरू नका, आणि ते भोक बुजवूही नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तर काहीच तपासू नका.

लीक सापडल्यावर गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: ‘मॅनिफोल्ड खोलतोयच, तर हेडर टाकून घ्या, पिकअप वाढेल.’ हेडर ही काही भामटेगिरी नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, मोजून वाकवलेला पाइप दिला की एका सिलिंडरच्या धुराचा झोत दुसऱ्याचा धूर ओढून घ्यायला मदत करतो, आणि वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं होतं. शर्यतीच्या गाडीत, कॅमशाफ्ट आणि ट्यूनिंग त्याला जुळवून घेतलेलं असेल, तर ते पैसे वसूल करतं. बाराशे सीसीच्या घरच्या गाडीत फार तर चार-दोन हॉर्सपॉवरची गोष्ट आहे, आणि तीही जिथे इंजिन किंचाळत असतं तिथे. माणगावच्या रांगेत तिचा काय उपयोग? टर्बो गाडीत त्या जागी टर्बोच बसलेला असतो, आणि काही नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं असतं, तिथे तर हेडरचा विषयच नाही.

खरी अडचण वेगळी आहे. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, आणि कार्बन मोनॉक्साइड जाळून टाकायचं काम तोच करतो. हेडरसाठी तो काढला की तेच विष कितीतरी पटीने बाहेर पडायला लागतं. स्वस्त हेडरचा पाइप पातळ, फ्लँज तापून वाकतो, वेल्डिंगला चिरा जातात, आणि पॅकिंग पुन्हा फुंकायला लागतं. म्हणजे लीक घालवायला गेलात आणि हजारो रुपये मोजून त्याहून मोठा लीक बसवून आलात. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, कलम १८२-अ खाली गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाज-धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड वेगळा.

तेव्हा नवं पॅकिंग, नवे स्टड-नट, मॅनिफोल्ड वाकलं असेल तर लेथवर फेसिंग, चीर गेली असेल तर मूळ कंपनीचं मॅनिफोल्ड, एवढंच मागा. बिडावर केलेली साधी वेल्डिंग आणि एपॉक्सीचे लेप त्या उष्णतेत टिकत नाहीत. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत शिरून सेन्सर फसतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, उगाच जास्त पेट्रोल देतो, त्यामुळे दुरुस्तीचे थोडे पैसे पंपावर परत मिळतील.

अ‍ॅम्प्लिफायर किंवा जादा दिवे बसवलेल्यांनी वायरी केबिनमध्ये कुठून आल्यात तेही बघावं, त्या भोकांतूनही धूर आत शिरतो. २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पोलिसांनी जवळपास ४०० फोर्ड एक्सप्लोरर गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या होत्या. अधिकाऱ्यांना गाडीच्या आत धूर लागत होता. पोलिसी दिवे आणि रेडिओ बसवताना पाडलेली, नीट न बुजवलेली भोकं हे त्यामागचं एक कारण निघालं. आपल्याकडे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला ड्रिल मारताना रबरी ग्रोमेट बसवायची आठवण किती जणांना असते?

आणि वाटेतच गाडीतल्या एकाहून अधिक माणसांचं डोकं दुखायला लागलं, उतरून मोकळ्या हवेत उभं राहिल्यावर बरं वाटलं, तर पुढचं गाव गाठायचा हट्ट धरू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, चारही दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. कुणी गुंगीत असेल, उलट्या करत असेल, किंवा गरोदर बाई, म्हातारं माणूस, तान्हं मूल असेल तर लगेच १०८ला फोन करा आणि गाडीचा धूर लागल्याचा संशय आहे हे शब्द स्पष्ट उच्चारा. एरवी दवाखान्यात अ‍ॅसिडिटीची गोळी मिळेल. इथे शुद्ध ऑक्सिजन लागतो: साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास घेतो, ऑक्सिजनवर साधारण तासा-दीड तासात तेवढाच उतरतो. बरं वाटलं म्हणून त्याच गाडीत परत बसू नका. आरतीला उशीर झाला तरी चालेल, टोइंगवाल्याला बोलवा.