फ्रीज घेताय? स्टार मोजू नका, युनिट वाचा

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि त्या दिवाळीत वर्तमानपत्राचं पहिलं पान म्हणजे फ्रीज-टीव्हीचं दुकानच झालं होतं. 'करकपातीचा आनंद घरी आणा' अशा थाटाच्या जाहिराती, आणि शेजारी भाज्यांनी गच्च भरलेला फ्रीज. गंमत अशी, की त्या कपातीत फ्रीज नव्हताच! एसी, डिशवॉशर, ३२ इंचांवरचे मोठे टीव्ही यांचा कर २८वरून १८ टक्क्यांवर आला. फ्रीज तर जुलै २०१८मध्येच १८ टक्क्यांवर आलेला होता. म्हणजे त्या दिवाळीत फ्रीजवर मिळाली ती नेहमीची सणाची सूट. सूट मिळाली हे खरं, पण तिचा कराशी काही संबंध नव्हता. तरी माझ्या ओळखीतल्या तिघीचौघींनी 'आता कर कमी झालाय ना' म्हणून चांगला चालणारा फ्रीज बदलला.

जाहिराती त्या गोष्टीच्या झाल्या. फ्रीज घेणारीच्या खिशाशी खरा संबंध असलेली दुसरी गोष्ट मात्र गुपचूप झाली. १ जानेवारी २०२६पासून फ्रीजच्या स्टारचे निकष अधिक कडक झाले. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई, हे स्टार ठरवते. ही योजना २००६ची. फ्रॉस्ट फ्री फ्रीजवर लेबल लावणं २०१०पासून सक्तीचं झालं. दर काही वर्षांनी परीक्षा अवघड करायची, म्हणजे कंपन्या कमी वीज खाणारी यंत्रं बनवतील, असा त्यामागचा विचार. २०२३ साली एकदा अवघड केली, आता परत केली. विचार चांगलाच आहे. पण याचा अर्थ असा, की आधीच्या पाच स्टारवाल्या फ्रीजला नव्या परीक्षेत पाच मिळतीलच असं नाही. जुन्या अकरावीच्या मार्कशीटची आजच्या सीबीएसईच्या टक्क्यांशी तुलना करतो का आपण? तसंच हे.

म्हणून दुकानात गेल्यावर आधी लेबल नीट वाचा. त्यावर ते कोणत्या काळासाठी आहे हे छापलेलं असतं. नवे निकष आले की जुन्या लेबलचा शिल्लक माल खपवायची घाई असते, आणि 'पाच स्टार, तरी इतका स्वस्त' याचं उत्तर कधी कधी त्या तारखेतच असतं. तो माल वाईट असतो असं मुळीच नाही. स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्यावा, फक्त नव्या पाच स्टारचा म्हणून घेऊ नये.

त्याच लेबलवर एक आकडा असतो, वर्षाला किती युनिट वीज. माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि दुकानातला मुलगा नेमका त्याच्यावर कधी बोट ठेवत नाही. स्टार हे त्या-त्या प्रकारात आणि आकारमानात दिलेले असतात. त्यामुळे मोठ्या दोन दारी फ्रीजचे चार स्टार, लहान एकदारीच्या दोन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतात. युनिटचा आकडा मात्र सरळ असतो. तोसुद्धा प्रयोगशाळेत, ठरावीक तापमानाला, दार न उघडता मोजलेला. नागपूरच्या मे महिन्यात, सुट्टीत घरी असलेली पोरं दर दहा मिनिटांनी 'काय आहे खायला' म्हणून दार उघडून उभी, अशी परिस्थिती त्यात धरलेली नसते! म्हणून तुमचं बिल तेवढंच येईल असं समजू नका. दोन फ्रीजची तुलना करायला मात्र तो पुरतो.

आता थोडं गणित करू. समजा एका फ्रीजवर २३० युनिट लिहिलंय, दुसऱ्यावर १८०. फरक वर्षाला ५० युनिटचा. युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाचे ५०० रुपये. फ्रीज दहा वर्षं चालला तर ५ हजार. दोघांच्या किमतीत ३ हजारांचा फरक असेल तर महाग फ्रीज घ्या, शहाणपणाचं ठरेल. ८ हजारांचा असेल तर पैशाच्या हिशेबाने तरी तो जास्तीचा स्टार परवडला नाही. 'पाच स्टारच घ्यायचा' हा सल्ला आपण डोळे झाकून एकमेकींना देतो, तो प्रत्येक वेळी खरा नसतो. हा हिशेब घराप्रमाणेही बदलतो. महावितरणच्या बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३००ला त्याहून बराच चढा, मग ५००पर्यंत आणखी वर. ज्या घराचं बिल महिन्याला नव्वद-पंच्याण्णव युनिटवर घुटमळतं, तिथे फ्रीजचे चार-पाच युनिट वाचले तर शंभरी ओलांडायची वेळ येत नाही. तिथे कमी युनिटचा फ्रीज खरोखर उपयोगी.

मग हप्त्यांचा प्रश्न. 'शून्य टक्के व्याज' हे शब्द दिसले की आपल्याला बरं वाटतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो. व्याज कुठेतरी असतंच. प्रोसेसिंग फीमध्ये, नाहीतर रोखीवरची सूट आपल्याला न मिळण्यात. 'रोख दिले तर कितीला?' हा प्रश्न आधी विचारायचा, हप्त्यांचं नंतर.

वॉरंटीचंही तेच. 'कॉम्प्रेसरवर दहा वर्षं' हे ठळक अक्षरात. पण इन्व्हर्टर फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर चालवणारं सर्किट बोर्ड असतं, आणि व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात आधी तेच जातं. ते त्या दहा वर्षांत बहुतेक वेळा येत नाही. गॅस भरणं, मेकॅनिकची मजुरी, येण्याजाण्याचा आकार यांचंही विचारून घ्या, आणि बिलावर लिहून घ्या.

या सगळ्यात मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दुकानात विक्रेता युनिट आणि कॉम्प्रेसर 'सरां'ना समजावतो, आणि 'मॅडम'ना रंग दाखवतो. फुलांचा लाल घ्या की निळा! दिवसातून चाळीस वेळा ते दार कोण उघडणार आहे? खाली भाजीचा खण असला तर रोज कोणाचे गुडघे वाकणार आहेत? आणि आपणही, रंगावर पसंती सांगून गप्प बसतो. लिटरची गोष्ट घ्या. आकडा मोठा दिसतो, पण त्यातला चांगला हिस्सा फ्रीझरचा असतो, आणि ज्या घरात मासे-मटण साठवत नाहीत तिथे तो बर्फाच्या ट्रेसाठी रिकामा राहतो. आपल्या घरात लागते ती जागा वेगळीच. साय धरायला ठेवलेलं दुधाचं पातेलं, विरजण, निवडलेली कोथिंबीर, मोड आलेली मटकी, रविवारच्या डोशांचं पीठ. दारातले बाटल्यांचे चार कप्पे आणि अंड्यांचा ट्रे यासाठी बिनकामाचे.

जुना फ्रीज 'चालतोय तर राहू दे' म्हणून गॅलरीत पाण्याच्या बाटल्यांसाठी ठेवणार असाल, तर नव्याने वाचवलेली वीज तो जुना खाईल. तो द्यायचाच. २०२३पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रीजही येतो, आणि त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. एक्स्चेंजमध्ये देताना 'हा पुढे कुठे जातो' एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

ठाण्याची माझी एक मैत्रीण गेल्या महिन्यात फ्रीज घ्यायला गेली, ती पिशवीतून डोशाच्या पिठाचं पातेलं घेऊनच. झाकणासकट. दुकानातली माणसं हसली. पहिल्या दोन फ्रीजमध्ये ते शेल्फच्या मधे अडकलं. तिसऱ्यात विक्रेत्या मुलाने स्वतःच काचेचं शेल्फ काढून एक खाच वर लावलं, आणि म्हणाला, "काकू, आता बघा बरं."