आठ तासांची नोकरी, तेरा तासांचा दिवस

नोकरीत यश मिळवायचे तर प्रकृती सांभाळा, असे सांगणारे लेख आपण सगळेच वाचतो. पहाटे उठा, व्यायाम करा, आठ तास झोपा, ताजी फळे खा, ताण घेऊ नका. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. पण तो कोणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो? ज्याचे घर ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर आहे, घरी स्वयंपाकाला बाई आहे, आणि एक दिवस रजा घेतली म्हणून ज्याच्या लायकीवर कोणी बोट ठेवत नाही, त्याला. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, टिटवाळा इथून रोज लोकल पकडणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींचा दिवस तसा नसतो. मग त्यांच्या आरोग्याचा विचारही वेगळा करायला हवा.

आधी हिशोब मांडू. डोंबिवलीहून फोर्टला किंवा बीकेसीला जाणाऱ्या माणसाचे रिक्षाची रांग, पूल, गाडीची वाट, गाडीतला वेळ आणि उतरल्यावरची पायपीट धरून जायला दोन तास जातात, यायला दोन तास. कामाचे आठ तास, वर जेवणाची सुट्टी. झाले तेरा तास. पगार आठ तासांचा, पण शरीर तेरा तास राबते. हे आठवड्यातून पाच-सहा दिवस, आणि वर्षानुवर्षे. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या मुलामुलींचे तर दिवसरात्रीचे गणितच उलटे. ऑफिसातले शिपाई, सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या ताई यांना आम्ही यातून वगळत नाही. त्यांचा दिवस साहेबाच्या आधी सुरू होतो आणि साहेबानंतर संपतो.

९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलच्या दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. त्यानंतर ऑफिसच्या वेळा बदलण्याची चर्चा झाली, रेल्वेनेही कार्यालयांना तशी विनंती केली. पण जे पडत नाहीत, रोज सुखरूप घरी येतात, त्यांच्या शरीरावर हा दिवस काय करतो, याची बातमी होत नाही.

शरीर काय सांगते

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले आणि आता वस्तीत, विहारात तपासणी शिबिरे घेतो. चाळिशीचा गृहस्थ येतो, दंडाला पट्टा बांधला की रक्तदाब १६०-१०० निघतो, आणि तो म्हणतो, "मला तर काहीच त्रास नाही." हीच तर अडचण आहे. रक्तदाब वाढला म्हणून डोके दुखेलच, चक्कर येईलच असे नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०-९० किंवा त्याहून वर राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. दुसरी तऱ्हा म्हणजे, गोळी सुरू झाली, रक्तदाब नीट आला, की "आता बरे आहे" म्हणून गोळी बंद करायची. रक्तदाब गोळीमुळे नीट राहतो. गोळी सोडली की तो पुन्हा चढतो, आणि ते आपल्याला कळतही नाही.

साखरेचेही तसेच. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर मधुमेह आहे का याची खात्री करून घ्यावी लागते. दिवसभर खुर्चीत बसणे, दर दोन तासांनी दोन चमचे साखरेचा चहा, रात्री दहाला पोटभर जेवण आणि लगेच झोप, हा साखर वाढायला पुरेसा रस्ता आहे. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि महिलांनी ८० च्या आत ठेवावा. हे मोजायला शिंप्याची टेप पुरते, लॅब लागत नाही.

भगिनींची एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. लोकलला शौचालय नसते. स्टेशनावरच्या शौचालयात जायची इच्छा होत नाही. म्हणून कित्येक जणी सकाळी घरातून निघताना पाणीच पीत नाहीत आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत लघवी अडवून धरतात. मग वारंवार लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे. यावर दर वेळी मेडिकलमधून गोळ्या आणून भागत नाही. लघवीची तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करावा लागतो. शिवाय रक्ताची कमतरता आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पुलाचा जिना चढताना धाप लागते, कामात लक्ष लागत नाही, आणि साहेब म्हणतो मॅडम आळशी आहेत. आळस नसतो तो, हिमोग्लोबिन नऊवर आलेले असते.

सिद्ध करण्याचा आजार

आता आपल्या समाजाची खास गोष्ट. आपल्यातले बहुतेक नोकरदार घरातले पहिले किंवा दुसऱ्या पिढीचे पगारदार आहेत. एका पगारावर इथले घर, गावाकडचे आईवडील, बहिणीचे शिक्षण, भावाचे क्लासचे पैसे असे सगळे उभे असते. असा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला, तर एक कर्मचारी कमी होतो एवढेच घडत नाही. दोन पिढ्यांनी कष्टाने वर आणलेले घर पुन्हा होते तिथे जाऊन बसते. आम्ही हे वॉर्डात फार वेळा पाहिले आहे.

आणि हा माणूस ऑफिसात इतरांहून जास्त का राबतो? आडनाव विचारून झालेले असते. "कोणत्या कोट्यातून?" हा प्रश्न चहाच्या टपरीवर हसत हसत येऊन गेलेला असतो. त्यावर आपला माणूस मनात ठरवतो की कामात एकही खोट काढू द्यायची नाही. मग तो सगळ्यात शेवटी निघतो, रजा घेत नाही, ताप असला तरी येतो, डबा टेबलावरच उरकतो, गोळी घेताना कोणी पाहू नये म्हणून घेतच नाही. यातून कौतुक मिळतेच असे नाही, काम मात्र आणखी मिळते. झोप उडते, चिडचिड घरी येते. पदोन्नतीची वेळ येते तेव्हा शरीर थकलेले असते.

१४ एप्रिलला आपल्याकडे सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. मुलांनी वर्षातून एकदा तसे जरूर बसावे, त्यातून ज्ञानाची ओढ लागते. पण अठरा तास हा रोजच्या नोकरीचा दंडक नव्हे. बाबासाहेबांच्या कष्टांची आठवण काढताना त्यांच्या मधुमेहाची, पायांच्या दुखण्याची आणि शेवटच्या वर्षांत ढासळलेल्या प्रकृतीचीही आठवण ठेवावी. ते ६५ वर्षांचेच होऊन गेले. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, हा विचार आपल्यापैकी कोणाच्या मनात आला नाही?

स्वतः एवढे राबलेल्या या माणसाने कामगारासाठी मात्र कामाचे तास कमी मागितले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या फॅक्टरी कायद्यातील दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली होती. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, आणि त्याची किंमत मालकाने व सरकारने उचलायची, हा त्यामागचा विचार.

आज काटा उलट फिरतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकाने-आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्याला आणि कारखान्यांत ती १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. मंत्रालयातून हा एक तास छोटा दिसत असेल. कल्याणच्या माणसाच्या दिवसात तो झोपेतून कापला जातो, कारण कापायला दुसरे काही शिल्लकच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितले की, आठवड्याला ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. या तासांत लोकलचा प्रवास धरलेला नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कामाचे तास हा आरोग्याचा प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्या संघटनांनी बोलले पाहिजे.

मागून घ्यायच्या गोष्टी

कायद्याने जे दिले आहे ते तरी आपण घेतो का? दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ ठरावीक किमान संख्येने कामगार असलेल्या खासगी कार्यालयांना लागू आहे. पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, मधली विश्रांती, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला ८ किरकोळ रजा हे त्यात लिहिलेले आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघराची सोय करायची असते. महिलांच्या शौचालयाला कडी नाही, पाणी नाही, तर ते एकटीने जाऊन कुजबुजत सांगण्यापेक्षा चार जणींनी सह्या करून लेखी द्यावे. पोहोच घ्यावी.

महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ईएसआय योजना आहे. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यात कुटुंबाला उपचार मिळतात आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कंत्राटी बंधू-भगिनींनी आपला ईएसआय क्रमांक मागून घ्यावा. पैसे कापले जातात आणि क्रमांक माहीत नाही, अशी माणसे आम्हाला नेहमी भेटतात. रांग मोठी असते हे खरे. पण क्रमांकच नसेल तर रांगेतही उभे राहता येत नाही.

जातीवरून टोमणे, मुद्दाम वाईट शेरे, डावलणे होत असेल तर तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवा. केंद्र सरकारच्या कार्यालयांत, सरकारी बँकांत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी असतो, त्याच्याकडे जा, कर्मचारी संघटनेकडे जा. मन फारच खचले, झोप लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येते. त्यात कमीपणा नाही. पाय मोडला तर आपण लंगडत घरी बसत नाही, मनाचेही तसेच.

आपल्या हातातले

दिवस तेरा तासांचा असला तरी काही गोष्टी जमतात.

तीस वर्षे ओलांडली की वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि वजन तपासा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात हे होते.

घरातून एक पेला पाणी पिऊन निघा. पोहोचताच बाटली भरा आणि दुपारी जेवणापर्यंत ती संपवा.

डब्यात पोळी-भाजीबरोबर मटकी, मूग, चवळी, हरभऱ्याची उसळ किंवा अंडे असू द्या. स्टेशनचा वडापाव हे रोजचे जेवण होऊ देऊ नका. चहा दोन वेळा, साखर निम्मी. लोणचे, पापड, फरसाण यांचे मीठही मोजा. दिवसाचे मीठ सगळे मिळून एका छोट्या चमच्यापेक्षा कमी हवे.

तासाला एकदा खुर्चीतून उठा. पाणी आणायला स्वतः जा. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे पुरेसे असते. रिक्षाची रांग टाळून स्टेशनपर्यंत चाललात तर ते त्यातच भरते.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आला, तर गॅस झाला म्हणून सोडा पिऊन गाडी पकडू नका. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी पहिल्या साडेचार तासांतच काही उपचार देता येतात, म्हणून सकाळ होण्याची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, गाडीत असाल तर रेल्वेचा १३९.

आणि शेवटची गोष्ट पुरुष बांधवांसाठी. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. नोकरी करणारी पत्नी साडेचारला उठून दोन डबे भरते, तेव्हा तिचा दिवस तेरा तासांचाही राहत नाही, सोळा-सतरा तासांचा होतो. समतेवर व्याख्यान ऐकून आल्यावर निदान आपला डबा आपण भरावा, भाजी रात्रीच चिरून ठेवावी, मुलांचा अभ्यास घ्यावा. तिला मिळालेली एक तासाची झोप कोणत्याही टॉनिकपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

प्रत्येक विहारात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि एक नोंदवही असावी, असे आम्हाला वाटते. खर्च दोन-तीन हजारांचा. जयंतीच्या डीजेच्या बजेटमधून तो सहज निघेल. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे दिली, वस्तीतल्या एखाद्या परिचारिकेने किंवा नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने मोजायला शिकवले, तर महिनाभरात सगळ्या नोकरदारांचे आकडे वहीत येतील. ज्यांचे वाढलेले दिसतील, त्यांना हाताला धरून दवाखान्यात न्यायचे. येत्या रविवारपासून सुरुवात करता येईल.