कुलपातले ज्ञान

पश्चिम आफ्रिकेत २०१४मध्ये इबोलाची साथ पसरली, तेव्हा हा विषाणू आपल्या भागात पूर्वी कधी नव्हता, असेच लायबेरियाचे आरोग्य खाते धरून चालले होते. एप्रिल २०१५मध्ये त्या देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हा समज चुकीचा असल्याचे सांगितले. लायबेरियातील रक्तनमुने तपासून युरोपीय संशोधकांनी १९८२मध्येच हा देश इबोलाच्या प्रदेशात धरावा लागेल, असे लिहून ठेवले होते. त्या निबंधाच्या लेखकांत एकही लायबेरियन नव्हता आणि निष्कर्ष तेथील डॉक्टरांपर्यंत पोहोचलाच नाही. २०१५मध्येही असा एक निबंध उतरवून घ्यायला ४५ डॉलर पडत होते. तेथील डॉक्टरचा हा सुमारे अर्ध्या आठवड्याचा पगार. या साथीत एकट्या लायबेरियात ४,८००हून अधिक माणसे दगावली.

निबंध मोफत असता तर साथ टळली असती, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांच्या रक्तातून ते ज्ञान मिळाले, त्यांच्याच डॉक्टरांना ते कुलपाआड राहिले, ही गोष्ट उरतेच.

हे कुलूप कोणाचे, हे समजून घ्यायला हवे. बऱ्याच वैद्यकीय संशोधनाचा खर्च सरकार, म्हणजे करदाता करतो. रुग्ण त्यात विनामोबदला सहभागी होतात. निबंध लिहिणाऱ्याला नियतकालिक पैसे देत नाही. तो तपासणारे तज्ज्ञही सहसा फुकट काम करतात. मग लेखक स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या नावे करतो आणि त्याच्याच महाविद्यालयाचे ग्रंथालय तो अंक वर्गणी भरून विकत घेते. संपादन, मांडणी, जतन यांना खर्च येतो, हे खरे. परंतु सर्वांत मोठ्या प्रकाशकाच्या या व्यवसायातील नफ्याचे प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक असते, तेव्हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

ज्यांना पूर्ण निबंध मिळत नाही ते सारांशावर भागवतात, कारण तो मोफत असतो. आणि खरा धोका इथेच आहे. १९९९मध्ये ‘जामा’ने प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत सहा नामवंत वैद्यकीय नियतकालिकांतील सारांश मूळ निबंधांशी ताडून पाहिले गेले. मूळ मजकुराशी न जुळणारी किंवा त्यात नसलेलीच माहिती देणारे सारांश नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के निघाले. औषधाची मात्रा किती, कोणत्या रुग्णांना अभ्यासातून वगळले, दुष्परिणाम कोणाला झाले, हे सारांशात मावत नाही. खाटेवरच्या रुग्णासाठी मात्र नेमके तेच महत्त्वाचे असते.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३००हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका आहे. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयाला आयआयटीच्या ग्रंथालयाइतकेच वाचायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. त्याबद्दल सरकारचे कौतुक करायलाच हवे.

तरीही हा लक्षणावरचा उपचार झाला, आजारावरचा नव्हे. योजना आहे ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, रुग्णहक्कांसाठी झटणारी संघटना, मुलाच्या दुर्मीळ आजाराची माहिती शोधणारे आईवडील दाराबाहेरच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २००२पासून गरीब देशांना नियतकालिके मोफत वा स्वस्तात मिळतात, पण भारत त्या यादीत बसत नाही. शिवाय करार संपला की घासाघीस पुन्हा पहिल्यापासून.

दाराबाहेरच्या या डॉक्टरला इतके पुढचे वाचून करायचे काय, असे विचारले जाते. त्याचे उत्तर महाडमध्ये आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे नोंदवली, प्राझोसिन या स्वस्त औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांच्या कामाची दखल घेतली. प्राझोसिनला विंचवावरील प्रतिविषाची जोड दिल्यास काय होते, हे त्यांनी २०११मध्ये ‘बीएमजे’त मांडले. दहा तासांत पूर्ण सावरलेले रुग्ण ३५पैकी ३२; केवळ प्राझोसिन दिलेल्यांत ३५पैकी ८. हा निबंध कोणालाही मोफत वाचता येतो. रात्री दोन वाजता विंचू चावलेले पोर समोर आले, तर त्यातली मात्रा आणि वेळापत्रक कोणत्याही आडगावच्या डॉक्टरला मोबाइलवर पाहता येते. खुल्या ज्ञानाचा अर्थ एवढाच आणि एवढा मोठा आहे.

२००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने या चळवळीला नाव दिले आणि दोन वाटा सुचवल्या. नियतकालिकच सर्वांसाठी खुले करणे ही एक. तिच्यात एक खड्डा आहे: वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेतले जातात. ‘नेचर’ने खुल्या प्रकाशनाचा पर्याय दिला तेव्हा एका निबंधाचे शुल्क ९,५०० युरो, म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक ठेवले होते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या भुरट्या नियतकालिकांचे पीक याच खड्ड्यात उगवले. बढतीसाठी निबंध लागतात म्हणून आपल्याकडील अनेक वैद्यकीय अध्यापक त्यांना बळी पडतात. पण हा दोष खुलेपणाचा नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या अध्यापकांनी १९५५पासून चालवलेल्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातच, लेखकांकडून शुल्क न घेता, आपले अंक जगाला खुले करून दाखवले होते.

दुसरी वाट अधिक सोपी आहे. निबंध कुठेही छापून येवो, त्याची स्वीकृत प्रत संशोधकाने सार्वजनिक ई-भांडारात ठेवायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८पासून आपल्या अनुदानावरील संशोधनाला ही सक्ती केली. सुरुवातीला बारा महिन्यांची सवलत होती. जुलै २०२५पासून तीही काढून घेण्यात आली. भारताच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी असेच धोरण डिसेंबर २०१४मध्ये जाहीर केले आहे. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर सर्वांसाठी खुले होऊ शकतात, तर सरकारी पैशातून झालेले निबंध का नाहीत? उणीव आहे ती पाठपुराव्याची. प्रत भांडारात जमा झाल्याशिवाय पुढचे अनुदान नाही, एवढी एक अट पुरेशी आहे. त्याच्या जोडीला नव्या सदस्यत्वाचे दार उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांना तातडीने उघडायला हवे. लेखकांकडून पैसे न घेणाऱ्या देशी नियतकालिकांना त्या ६,००० कोटींतला लहानसा वाटा दिला, तरी त्यांना बळ येईल.

हे अशक्य नाही, याचा दाखला करोनाकाळाने दिला आहे. त्या वेळी बड्या प्रकाशकांनी करोनाविषयक निबंध मोफत केले. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष जून २०२०मध्ये नियतकालिकात छापून येण्याआधीच सर्वांसमोर मोफत ठेवले गेले. साऱ्या जगाला घाई होती, म्हणून कुलपे निघाली. क्षय, सर्पदंश, सिकलसेल यांच्या रुग्णांनाही तितकीच घाई आहे. फक्त त्यांचा आवाज मोठा नाही.