छडी गेली, शेरा राहिला

प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या रकान्यात वर्गशिक्षकाने शेरा लिहावयाचा असतो. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘फार चंचल आहे’, ‘वर्गात बोलत नाही’, ‘सुधारणेस वाव आहे’ असे पाच-सात ठरावीक शेरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते लिहिणाऱ्याला त्यातून काही विशेष सांगावयाचे असतेच असे नाही. आणि वाचणाऱ्या पालकालाही मुलाला एक धपाटा घालण्यापलीकडे त्यावर काही उपाय सुचत नाही. वस्तुतः यातील प्रत्येक शेरा हे एक निरीक्षण आहे आणि निरीक्षणातून पुढचा प्रश्न निघावयास हवा. मूल लक्ष का देत नाही? ते वर्गात बोलत का नाही? डॉक्टरांनी ताप मोजावा, तो कागदावर लिहावा आणि ताप आल्याबद्दल रुग्णालाच रागे भरून घरी पाठवावे, तसा हा प्रकार आहे. अतिचंचल, भित्र्या किंवा संतापी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपल्या शाळा आणि आपली घरे दीर्घकाळ हेच करीत आली आहेत.

कायद्याने आपले काम केले आहे. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. छडी निदान कागदोपत्री तरी वर्गाबाहेर गेली. परंतु छडीमागची समजूत गेली नाही. आळशी, मठ्ठ, बेशिस्त, रडूबाई, भित्रा ही विशेषणे शिक्षकखोलीत आणि माजघरात अजूनही सर्रास वापरली जातात. ही सारी विशेषणे स्वभावाची आहेत. ज्या मुलाला एखादी गोष्ट जमत नाही, त्याला ती करावयाचीच नाही असे ती सांगतात. या प्रश्नाचा सारा गुंता येथे आहे. कुवतीची अडचण आपण चारित्र्याचा दोष म्हणून वाचतो आणि मग तिच्यावर उपदेश व शिक्षा ही दोनच औषधे योजतो.

ही मुले किती आहेत? बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण ग्रामीण भागाच्या जवळजवळ दुप्पट होते. २०२२ मध्ये ‘एनसीईआरटी’ने सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा त्यांतील ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण म्हणून सांगितले. पालक ज्याला आज ‘एडीएचडी’ म्हणून ओळखतात, त्या अवधान-न्यूनता व अतिचंचलतेच्या विकाराचे जगभरच्या अभ्यासांतून निघालेले प्रमाण शंभर मुलांमागे सुमारे पाच आहे. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात अशी सुमारे तीन मुले असणार. ती कोणती हे बहुतेक शिक्षकांना पहिल्या पंधरवड्यातच कळते. मात्र त्यांना काय होते आहे हे कळण्याची सोय नसते.

नीतीकडून अवधानाकडे

या विकाराबद्दल ‘हे अलीकडचे खूळ आहे, आमच्या वेळी असे काही नव्हते’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. इतिहास मात्र निराळे सांगतो. लंडनमधील जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्याने देऊन अशा मुलांचे वर्णन केले होते. ही मुले बुद्धीने कमी नव्हती, परंतु स्वतःला आवरणे त्यांना जमत नव्हते. त्या काळाला अनुसरून स्टिल यांनी त्यास नैतिक संयमाचा दोष म्हटले. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना एका उत्तेजक औषधाने अशी काही मुले शांतपणे अभ्यास करू लागल्याचे आढळले. १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत या विकाराच्या नावातच ‘अवधान’ हा शब्द आला आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. नीतीकडून अवधानाकडे येण्यास वैद्यकशास्त्राला ऐंशी वर्षे लागली. आपल्याकडील अनेक शिक्षकखोल्या मात्र अद्याप १९०२ मध्येच आहेत. ‘आमच्या वेळी’ ही मुले नव्हती असे नव्हे. ती चौथीत किंवा सातवीत नापास होऊन शाळेबाहेर पडत, आणि मग त्यांची चिंता करण्याचे शाळेला कारण उरत नसे.

या मुलांविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज एका खऱ्या निरीक्षणातून निघतो. जे मूल गणिताच्या पुस्तकासमोर पाच मिनिटे बसत नाही, ते पतंगाच्या मांज्यात किंवा मोबाइलवरील खेळात तासन्‌तास रमते. त्यावरून ‘मनात आणले तर करतो’ असा निष्कर्ष काढला जातो. परंतु या विकारात अवधान नसतेच असे नाही. ते हवे तेथे वळविण्याची आणि नको तेथून काढून घेण्याची शक्ती दुबळी असते. ज्या कामात क्षणोक्षणी काही घडते, तेथे अवधान आपोआप टिकते. ज्या कामाचे फळ आठ महिन्यांनी परीक्षेत मिळावयाचे, तेथे ते टिकत नाही. अशा मुलाला एका दमात तीन सूचना दिल्या तर पहिलीच पार पडते, कारण उरलेल्या दोन तोवर मनातून निसटलेल्या असतात. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या लाडांनी किंवा वडिलांच्या गैरहजेरीने हा विकार जडत नाही. शिवाय चंचलता सर्वांमध्ये दिसतेच असेही नाही. खिडकीजवळ शांत बसून हरवून जाणारी मुलगी कोणालाही त्रास देत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

चिंतेने ग्रासलेल्या मुलाची स्थिती याहून वेगळी, पण त्याच्या वाट्याला येणारा न्याय मात्र तोच. शाळेच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखते आणि रविवारी दुखत नाही, म्हणून ते ढोंग ठरते. पोटदुखी खरीच असते. भीतीने शरीर असेच बोलते. येथे घरातील वडीलधारी माणसे दोन चुका करतात. कोणी मुलाला फरफटत शाळेत नेतो, तर कोणी दयेने घरी ठेवून घेतो. दुसरी चूक प्रेमापोटी होते, परंतु तिचा परिणाम अधिक खोल असतो. घरी राहिल्यावर जो सुटकेचा निःश्वास मिळतो, तोच दुसऱ्या दिवशीची भीती वाढवितो. टाळलेली गोष्ट मोठी होत जाते. यावरचा उपाय पायऱ्यापायऱ्यांनी चढण्याचा आहे. ज्या मुलीला वर्गासमोर उभे राहून धडा वाचवत नाही, तिने तो प्रथम एकट्या बाईंसमोर वाचावा, मग शेजारच्या मैत्रिणीसमोर, मग एका ओळीसमोर आणि अखेर वर्गासमोर. प्रत्येक पायरीवर भीती वाटेल. थोडा वेळ थांबले की ती उतरते, हा अनुभव घेणे हेच खरे औषध.

रागाचेही असेच आहे. आपल्या घरांत मुलाला रागावण्याची मुभा असते, पण रडण्याची नसते. मुलीला रडण्याची असते, पण रागावण्याची नसते. आपल्याला नेमके काय वाटते आहे हे सांगण्यासाठी शब्दच न मिळाल्याने अपमान, मत्सर, भीती आणि निराशा या सर्वांचे रूपांतर आदळआपटीत होते. संतापाच्या भरात मुलाला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नसतो. त्या क्षणी मोठ्या माणसाने स्वतःचा आवाज खाली ठेवणे एवढेच पुरेसे आहे. समजावण्याची वेळ वादळ ओसरल्यावर येते. ज्या घरात मोठी माणसे संतापली की भांडी आपटतात, तेथे मुलांना संयमाचा पाठ कोण देणार?

दुसऱ्या टोकाची भीती

यावर काही समंजस माणसे एक शंका घेतात आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. उद्या प्रत्येक खोडकर मुलावर विकाराचा शिक्का बसेल आणि गोळ्या देऊन वर्ग शांत करण्याची सवय लागेल, ही ती शंका. तिचे उत्तर काटेकोर निदानात आहे. अतिचंचलतेच्या विकाराचे निदान एका शिक्षकाच्या तक्रारीवरून होत नाही. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसलेली आणि शाळा व घर अशा किमान दोन ठिकाणी आढळलेली असावी लागतात. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही, फळा दिसत नाही, पुरेशी झोप मिळत नाही किंवा रोज रात्री घरात मारहाण पाहावी लागते, तेही वर्गात अस्वस्थच असते. त्याला गोळीची गरज नसून चष्म्याची, झोपेची किंवा संरक्षणाची गरज असते.

औषधाबाबतही भीती आणि अंधश्रद्धा दोन्ही टाळल्या पाहिजेत. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, चौदा महिन्यांच्या उपचारांत मूळ लक्षणांवर औषधांचा गुण अधिक आला. परंतु सोबत पालक व शिक्षकांचे मार्गदर्शन असता औषधाची कमी मात्रा पुरली. पुढे काही वर्षांनी निरनिराळ्या उपचारांतील फरक पुसट झाला. याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे असा नव्हे, तर केवळ औषधावर मुलाचे शिक्षण सोपवून चालणार नाही असा आहे. ते द्यावयाचे की नाही हे तज्ज्ञ डॉक्टरनेच ठरवावयाचे. शिक्षकाने किंवा शेजाऱ्याने नव्हे.

निदान होईपर्यंत शिक्षकाला हात बांधून बसण्याचे कारण नाही. अशा मुलाला पुढच्या बाकावर बसविणे, एका वेळी एकच सूचना देणे, दहा गणितांऐवजी तीन-तीन गणितांचे तुकडे पाडणे, फळा पुसण्याचे वा वह्या गोळा करण्याचे काम देऊन त्याला उठण्याची सन्मान्य सबब मिळवून देणे, आणि चुकीपेक्षा जमलेल्या गोष्टीचा उल्लेख त्याच क्षणी करणे, एवढे पैशावाचून होण्यासारखे आहे. शाळा आणि घर यांच्यात रोज एक छोटी वही फिरावी आणि तीत त्या दिवशी साधलेली एक-दोन उद्दिष्टे लिहावीत. प्रगतिपुस्तकातील शेऱ्यापेक्षा ही वही अधिक उपयोगी ठरते. हा विचार महाराष्ट्राला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दूषणे न देता कुरणातच शाळा भरविली. शाळेने मुलाच्या स्थितीप्रमाणे वाकावयाचे असते, हे त्यांनी करून दाखविले.

शिक्षकावर सारे ढकलू नये

तथापि शिक्षकाला एवढा उपदेश करून मोकळे होणे हा त्याच्यावर अन्याय होईल. कायद्याने पाचवीपर्यंत तीस आणि पुढे आठवीपर्यंत पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक सांगितला असला तरी अनेक शहरी वर्गांत त्याच्या दुपटीने मुले कोंबलेली असतात. निवडणुका आणि जनगणना यांचे कामही त्याच्याच माथी येते. मूल कोणाकडे पाठवावे, असा प्रश्न त्याने विचारला तर उत्तर सोपे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नव्हता. ते प्रमाण ०.७५ इतके होते, आणि जे होते त्यांतील बहुतेक शहरांत.

म्हणून प्रश्न शासनाकडे येतो. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे त्यांत म्हटले आहे. देशात २०२३ या एका वर्षात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या आदेशामागची निकड कळते.

आदेश निघाला की तो पाळला गेला असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांची पटसंख्या शंभरापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी ‘रीतसर संबंध’ म्हणजे एखाद्या फायलीतील पत्र ठरण्याचा धोका आहे. यावर व्यवहार्य मार्ग आहे. महाराष्ट्रात केंद्रशाळांची रचना पूर्वीपासून आहे. प्रत्येक केंद्रशाळेला एक पूर्णवेळ समुपदेशक द्यावा आणि त्याने ठरलेल्या वारी आसपासच्या शाळांत जावे. शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्याच्या यादीत अतिचंचलतेच्या विकाराचाही समावेश आहे. तपासणी पथकाने वजन-उंचीबरोबर हेही पाहावे आणि समुपदेशकाने त्याचा पाठपुरावा करावा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर असावा. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण अतिचंचलतेच्या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. ही उणीवही भरून निघाली पाहिजे.

या साऱ्याला पैसा लागेल, हे उघड आहे. परंतु दहावीपूर्वीच शाळेला कंटाळलेल्या, स्वतःला मठ्ठ समजू लागलेल्या मुलाची किंमतही समाज चुकवीतच असतो. ती अंदाजपत्रकात दिसत नाही एवढेच. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा किती केंद्रशाळांत समुपदेशक रुजू झाले, याचा हिशेब शिक्षण खात्याने जाहीरपणे द्यावा. आजवर शेरे मुलांनी झेलले; आता एक शेरा खात्याच्या प्रगतिपुस्तकात पडावयास हरकत नाही.