प्रदक्षिणेचा अट्टहास कशाला?

बाल्टिक समुद्रात डेन्मार्कच्या मालकीचे बॉर्नहोम नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ 588 चौरस किलोमीटर. वस्ती मात्र सुमारे चाळीस हजारांची. बेटाच्या उत्तर टोकाला सॅन्डविग आणि आलिंगे ही जुळी गावे आहेत. वाळूची छोटी चौपाटी, जुनी हॉटेले, बंदरात धुरी दिलेल्या हेरिंग माशाचा वास, असे हे शंभर वर्षांहून जुने हवापालटाचे ठिकाण. उन्हाळ्यात येथे येणाऱ्या पाहुण्याच्या हाती चावीपाठोपाठ बहुधा सायकल येते. स्वीडनमधल्या इस्टाडहून फेरीबोटीने जेमतेम दीड तासात बेटावर पोहोचता येते. त्यामुळे युरोपात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ही सहल अवघड राहिलेली नाही.

सायकलस्वारांसाठी बेटाचे मुख्य आकर्षण म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा 10 क्रमांकाचा मार्ग. लांबी सुमारे 105 किलोमीटर. हा संपूर्ण फेरा एका दिवसात मारला की बेट ‘केले’ असे मानायची पद्धत पडली आहे. सराव असणाऱ्याने तो जरूर मारावा. पण एरवी वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या पाहुण्याने सुट्टीच्या पहिल्याच दिवशी या फेऱ्याला हात घालणे हा आरोग्याच्या दृष्टीने उलटा व्यवहार आहे. त्याच्यासाठी या बेटावर याहून कितीतरी चांगली वाट आहे, आणि तिचीच चर्चा कमी होते.

अडचण अंतरापेक्षा जमिनीची आहे. बाकीचा डेन्मार्क सपाट आणि मऊ मातीचा. बॉर्नहोमचा उत्तर भाग मात्र 140 कोटी वर्षांहून जुन्या ग्रॅनाइट आणि नीस खडकाचा. हा कठीण खडक झिजत नाही, तो समुद्रातून कड्यांसारखा वर येतो. दक्षिणेला वालुकाश्म आणि इतर गाळाचे खडक आहेत, म्हणून तिकडे जमीन सपाट होत जाते आणि ड्युओडेच्या पांढऱ्याशुभ्र बारीक वाळूत संपते. नकाशावर दोन्हीकडचे दहा किलोमीटर सारखेच दिसतात. पायांना ते सारखे नसतात.

सॅन्डविगहून पश्चिम किनाऱ्याने निघाले की हॅमर्सहूस या मध्ययुगीन किल्ल्याच्या अवशेषांजवळचा चढ लागतो, पुढे वांग आणि योन्स कापेलच्या कड्यांकडे रस्ता सारखा वर-खाली होत राहतो. पूर्वेकडे गुडयेम गावात तर बंदरापासून वर येणारे रस्ते भल्याभल्यांना सायकलवरून उतरवतात. बेटाचा सर्वांत उंच बिंदू रिटरक्नेग्टन. त्याची उंची फक्त 162 मीटर, आपल्याकडची एखादी टेकडीही याहून उंच असते. तेथेच फसगत होते, कारण हृदयाला उंचीपेक्षा चढाच्या तीव्रतेचा हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब सोपा आहे. सायकल आणि स्वार मिळून वजन 80 किलो धरू. दहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर जाणाऱ्या रस्त्यावर, ताशी 10 किलोमीटर वेगाने जायचे तर केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडायला सुमारे 218 वॉट लागतात. एक टक्का चढावर ताशी 15 किलोमीटरने जाताना हाच आकडा सुमारे 33 वॉट होतो. व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला शंभर वॉटच्या आसपासचे काम बराच वेळ करणेही जड जाते. दोनशेच्या वर गेल्यावर तो गप्पा मारू शकत नाही, धापा टाकतो. हलका गिअर टाकून वेग निम्म्यावर आणला तर शक्तीही निम्मी लागते. पण मागून मुले पुढे निघून जात असताना हे सुचते कोणाला!

1993 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मरे मिटलमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 1,228 रुग्णांना त्यांनी झटक्याआधी काय केले होते ते विचारले. अतिश्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवीच्या तुलनेत सरासरी सहापट वाढलेला दिसला. खरी बातमी त्यापुढची होती. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा जोरदार व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ जेमतेम अडीचपट होती, तर आठवड्यातून एकदाही न करणाऱ्यांत शंभरपटीहून अधिक. हे सापेक्ष प्रमाण आहे. एरवी एका तासात झटका येण्याची शक्यता अत्यल्प असल्याने शंभरपट होऊनही ती लहानच राहते, त्यामुळे सायकलला घाबरून हॉटेलच्या गच्चीवर बसण्याचे कारण नाही. पण भारतीय उपखंडातील लोकांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षे आधी गाठतो. बसून काम, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांच्या जोडीला एका सकाळी दहा टक्क्यांचा चढ देणे शहाणपणाचे नाही.

त्यात वारा. या भागात वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतात. ताशी 20 किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला तेवढाच वारा समोरून आला तर हवेचा विरोध चौपट होतो. वाटते की परतताना तोच वारा पाठीशी येईल आणि उधारी फिटेल. ती फिटत नाही. निम्मा रस्ता 15 आणि निम्मा 25 च्या वेगाने केला, तर शंभर किलोमीटरला पाच तास वीस मिनिटे लागतात. एकसारख्या 20 च्या वेगाने पाच तास. वाऱ्यात घालवलेला वेळ वाऱ्यातून परत मिळत नाही. शिवाय थंड वाऱ्यात घाम लगेच सुकतो, तहान लागल्याचे कळत नाही आणि बाटली भरलेलीच राहते.

ज्यांचा सराव आहे आणि ज्यांना फेरा मारायचाच आहे, त्यांनी निदान दिशा नीट निवडावी. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात. इथे उलटी प्रदक्षिणा बरी. डेन्मार्कमध्ये वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे घड्याळाच्या उलट दिशेने गेले की समुद्र सतत स्वाराच्या बाजूला राहतो. पश्चिमेचे चढ ताज्या पायांनी होतात, रोन्नेनंतर दक्षिणेच्या उघड्या सपाटीवर वारा बहुतेक वेळा पाठीशी असतो. नेक्सो, स्वानेके करत गुडयेमला पोहोचेपर्यंत पाय थकलेले असतात आणि चढ पुन्हा सुरू होतात, हा त्यातला तोटा. रेसिंग सायकलच्या अरुंद टायरवाल्यांनी हेही लक्षात ठेवावे की 10 क्रमांकाचा मार्ग सगळीकडे डांबरी नाही, मधूनमधून बारीक खडी आहे. तेवढ्या टप्प्यात त्यांना गाड्यांच्या रस्त्यावर यावे लागते.

आता ती दुसरी वाट. बॉर्नहोमवर एकेकाळी रेल्वे होती. पहिला मार्ग, पश्चिमेच्या रोन्नेहून ओकिर्केबीमार्गे पूर्वेच्या नेक्सोपर्यंतचा, 1900 मध्ये सुरू झाला. मोटारी आणि बस आल्यावर एकेक मार्ग बंद पडला आणि 1968 मध्ये शेवटची गाडी थांबली. रूळ उखडले, पण त्याखालची भराव घालून, खडक फोडून तयार केलेली पट्टी राहिली. तिच्या बऱ्याचशा भागावर आज सायकलमार्ग आहे. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरची पकड कमी असते, म्हणून आगगाडीला खडा चढ झेपत नाही. अभियंत्यांनी वाफेच्या इंजिनाची दमछाक टाळण्यासाठी जमीन जेवढी सपाट केली, तेवढीच ती आज गुडघे दुखणाऱ्या, वजन वाढलेल्या, साठी ओलांडलेल्या माणसाच्या उपयोगी पडते आहे. शेजारून गाड्याही जात नाहीत. आरोग्याच्या नावाखाली एवढी दूरदृष्टीची गुंतवणूक कोणी मुद्दाम केली नसती!

या सपाट वाटेला ‘म्हाताऱ्यांचा रस्ता’ म्हणून नाक मुरडणारे उत्साही सायकलस्वार व्यायामाचे शास्त्र अर्धेच वाचतात. व्यायामाचा फायदा सरळ रेषेत वाढत नाही. शून्यावरून थोड्यावर येताना तो सर्वाधिक असतो, पुढे प्रत्येक जादा तासाला कमी होत जातो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत. रेल्वेच्या वाटेवर रोज चाळीस मिनिटे गेली तरी चार दिवसांत 150 मिनिटांचा आकडा ओलांडला जातो. कोपनहेगनच्या संशोधकांनी तीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा सरासरी साडेचौदा वर्षे मागोवा घेऊन 2000 साली निष्कर्ष मांडले. इतर व्यायाम हिशेबात धरूनही, सायकलने कामावर न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा 39 टक्के अधिक होता. अशा अभ्यासातून सायकल हेच एकमेव कारण असे सिद्ध होत नाही, मुळातच धडधाकट माणसे सायकल काढत असतील. तरीही ही माणसे शर्यतपटू नव्हती. रोजच्या कामाला रोजच्या वेगाने जाणारी होती.

म्हणून सॅन्डविगच्या हॉटेलवाल्यांनी पाहुण्याला सायकल देताना बेटाच्या फेऱ्याचा नकाशा सर्वांत वर ठेवू नये. नकाशावर किलोमीटरशेजारी चढाची टक्केवारी आणि त्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा असावी. उत्तरेच्या चढांसाठी विजेवर चालणारी सायकल सुचवण्यात कमीपणा मानू नये, तिच्यावरही पायडल मारावेच लागते. रेल्वेची वाट दक्षिणेत असल्याने ती गाठायला वीसेक किलोमीटर जावे लागते, पण बेटावरच्या बस मर्यादित संख्येने सायकली घेतात. सकाळची बस पकडून ओकिर्केबीला उतरावे, नेक्सोच्या बंदरापर्यंत रमतगमत जावे, मासे खाऊन परतावे. ज्याला अजून दम आहे त्याने थोडे उत्तरेला आल्मिंडिंगेनच्या जंगलाकडे वळावे. तेथे 2012 मध्ये आणून सोडलेल्या युरोपीय गव्यांचा कळप कुंपणाआड फिरत असतो, आणि तो शोधायचा तर सायकलवरून उतरून चालावेच लागते.