हार नकोत, बिलं भरा
सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त जाहीर पत्रक

सातारा जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो,

आज ७ डिसेंबर. शाळेतली मुलं डबा घेऊन दारात येतील, तुमच्या खिशाला कागदी ध्वज लावतील, तुम्ही दहा-वीस रुपये टाकाल. १९४९ पासून हे चालत आलं आहे आणि चालत राहावं. हे पत्रक मात्र त्या डब्यासाठी नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची आम्हाला सवय नाही, म्हणून आधीच सांगतो: आमच्या दवाखान्याबद्दलचं तुमचं मत आम्हाला बदलायचं आहे, आणि बदललेल्या मताचा ग्रामसभेत ठराव करून हवा आहे.

ते मत आम्ही एसटीत ऐकतो, पारावर ऐकतो, लग्नाच्या पंगतीत तर हमखास ऐकतो. "तुमचं काय बाबा, मिलिटरीवाल्यांना सगळं फुकट." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट कौतुकच असतं. पण हेच कौतुक वर दिल्लीपर्यंत झिरपतं तेव्हा त्याचा अर्थ होतो की या लोकांना भरपूर मिळालेलं आहे, यांचं थोडं थांबलं तरी कुणी ओरडणार नाही. मग ते खरोखरच थांबतं, आणि खरोखरच कुणी ओरडत नाही.

तर आधी फुकटचा हिशोब करू. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, जिला आपण सगळे ईसीएचएस म्हणतो, ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्याआधी पेन्शनला आलेल्या जवानाला लष्करी रुग्णालयात जागा असली तर उपचार मिळायचे, नसली तर ज्याचं त्याने बघायचं. योजना आली ती पैसे घेऊन आली. निवृत्तीच्या वेळीच वर्गणी कापली जाते. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,०००. वीरपत्नींना ती माफ आहे, आणि ती माफ असण्यावर कुणाला आक्षेप असेल तर त्याने आमच्याशी समोरासमोर बोलावं. १९९६ च्या आधी निवृत्त झालेले सोडले तर बाकी सगळ्यांनी पैसे मोजलेले आहेत. कापताना सरकारने एक रुपयाची उधारी ठेवली नाही.

दुसरा हिशोब पैशाचा नाही. सरकारी कचेरीतला माणूस अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी निवृत्त होतो. आपला जवान पस्तिशी-चाळिशीत गावात परत येतो, कारण सैन्याला तरुण शरीरं लागतात. त्या वयात त्याचे गुडघे पायदळाने घेतलेले असतात, तोफखान्यात असेल तर कान गेलेले असतात, आणि उंचावरच्या पोस्टिंगचं देणं पन्नाशीनंतर रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रूपाने भरावं लागतं. भरतीच्या वेळी नखशिखांत तपासून निरोगी मुलगा घेतला, आणि वापरलेलं शरीर घरी पाठवलं. त्याच्या दुरुस्तीचा खर्च हा त्या नोकरीच्या मजुरीतलाच भाग आहे. फक्त तो नंतर द्यायचं ठरलं होतं.

आता तो कसा मिळतो ते पाहा. आजारी पडलात की आधी पॉलिक्लिनिक. तिथले डॉक्टर तपासणार आणि गरज असेल तर यादीवरच्या खासगी रुग्णालयासाठी रेफरल देणार. देशभर अशी चारशेहून अधिक पॉलिक्लिनिकं आहेत, आपल्याकडे साताऱ्यात आणि कऱ्हाडला आहेत. ऐकायला पुरेसं वाटतं. पण दहिवडीच्या पलीकडच्या वाडीतून सत्तरीचा माजी नाईक साताऱ्याला येतो तेव्हा साठ-सत्तर किलोमीटर जाऊन, रांगेत उभा राहून, मधुमेहाच्या गोळ्यांसाठी चिठ्ठी पुढे करतो आणि त्यातल्या निम्म्या औषधांपुढे 'एन.ए.' लिहून मिळतं. म्हणजे उपलब्ध नाही. बाहेरून घ्या, पावती जोडा, पैसे नंतर. वरातीमागून घोडं! हा खर्च झेपणारे लोक झेपवतात. बाकीचे अर्धी गोळी खातात. आम्ही हे उगाच भडक करून सांगत नाही. तुमच्या गावातल्या कुठल्याही माजी सैनिकाला त्याच्या औषधांच्या डब्याबद्दल विचारून पाहा.

यादीवरच्या रुग्णालयात नवी गंमत असते. काउंटरवरची मुलगी कार्ड बघून आत जाते, बाहेर येऊन सांगते, "सर, ईसीएचएसचे बेड फुल आहेत." रोख भरायची तयारी दाखवली की बेड रिकामा होतो. लोक चिडतात आणि रुग्णालयाला शिव्या घालतात. आम्हीही घातल्या आहेत. पण रुग्णालयाचं म्हणणंही ऐकून घ्या, कारण त्यात तथ्य आहे. ईसीएचएस ज्या केंद्रीय दरांवर बिलं देते त्यातले बरेचसे दर २०१४ मध्ये ठरलेले होते आणि दहा वर्षांहून अधिक काळ तेच चालले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कुठे केंद्राने जवळपास २,००० उपचारांचे दर सुधारले. तेवढ्या काळात नर्सचा पगार, ऑक्सिजन, वीज, कशाचे दर थांबले होते? वर ती बिलंही वेळेवर मिळत नाहीत. बिल संगणकावर चढतं, छाननी होते, शंका काढल्या जातात, मंजूर होतं, आणि मग निधी येण्याची वाट बघत पडून राहतं. वर्षाची तरतूद संपली की उरलेली बिलं पुढच्या वर्षाच्या खात्यावर जातात, म्हणजे नवीन वर्ष सुरू होतानाच खिसा अर्धा कापलेला. महानगरातलं मोठं रुग्णालय हे सोसतं. तालुक्याच्या गावातलं तीस-चाळीस खाटांचं रुग्णालय सोसू शकत नाही, आणि आमच्या गावाजवळ असतं ते तेच.

हे आम्ही शोधून काढलेलं नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये ईसीएचएसवर स्वतंत्र अहवाल दिला. बिलांना होणारा उशीर, औषधांची टंचाई, रुग्णालयांनी लावलेली जादा बिलं, सगळं त्यात आहे. त्यानंतर पहिली इयत्ता सुरू केलेली मुलं आता कॉलेजात जायच्या वयाची झाली. दुखणं मात्र तेच आहे.

सरकार म्हणेल, आम्ही पैसे वाढवले. वाढवले, हे खरं. २०२४-२५ मध्ये ६,९६८ कोटी होते, २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी केले. त्याच वर्षी संरक्षणाचं एकूण अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटींचं होतं. म्हणजे ज्यांनी आयुष्य दिलं त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या औषधपाण्याला त्यातला जेमतेम सव्वा टक्का. विमानं घेऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, आम्हाला विमानांचं मोल तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण सव्वा टक्क्याला ओझं म्हणणाऱ्याने आधी गणित तपासावं.

गैरवापराचं काय, असंही विचारलं जातं. होतो. गरज नसताना दाखल करून घेणारी रुग्णालयं आहेत, आणि पिशवी भरून औषधं नेऊन भाचे-पुतण्यांना वाटणारे आमच्यातलेही महाभाग आहेत. त्यांना पकडा, कार्ड बंद करा, रुग्णालयाला यादीतून काढा. आम्ही साक्षीला येतो. पण चोर सापडेपर्यंत सगळ्या गावाचं रेशन बंद ठेवायचं, ही कुठली रीत?

काही जण म्हणतात, महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान आहे, तिकडे जा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ मध्ये आयुष्मानचं पाच लाखांचं कवच आलं, पण ईसीएचएसवाल्याने दोन्हींतलं एकच निवडायचं आहे. वर्गणी भरलेलं सोडून बिनवर्गणीच्या रांगेत लागा, असा हा सल्ला झाला. आणखी एक मत आहे, "मिलिटरी हॉस्पिटल आहे की!" आहेत. पुण्याला कमांड हॉस्पिटल आहे, खडकीला आहे, अहिल्यानगर, देवळालीला आहेत. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पाय गमावलेल्या जवानांना उभं करत आलं आहे, त्याला आमचा सलाम. लष्करी डॉक्टरांबद्दल आमची एका शब्दाची तक्रार नाही. पण साताऱ्यात लष्करी रुग्णालय नाही, सांगलीत नाही, कोल्हापूरकराला बेळगाव गाठावं लागतं. जवान सीमेवर असतो, त्याची म्हातारी आई माण तालुक्यात असते, आणि तिचा हक्काचा दवाखाना पुण्यात. रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर हक्काचा नकाशा काय कामाचा?

इथवरचं दुखणं जुनं आहे, आम्हा म्हाताऱ्यांचं आहे. याहून मोठा अन्याय तुमच्या पोरांवर व्हायचा आहे, आणि त्याबद्दल गावागावांत विचित्र शांतता आहे.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे घरी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. पेन्शन नाही हे सगळ्यांना माहीत आहे. फार थोड्यांना माहीत आहे की घरी आलेल्या अग्निवीराला ईसीएचएसही नाही, कॅन्टीन नाही, आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. नोकरीत असताना लष्करी रुग्णालय त्याचं. गेटबाहेर पाऊल टाकलं की तो सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरच्या रांगेत.

यावरचं लोकमत ठरलेलं आहे: "अकरा लाख मिळतात की एकरकमी." मिळतात, सेवानिधी म्हणून, ११ लाख ७१ हजारांच्या आसपास. पण ते कुठून येतात? दर महिन्याला त्याच्या पगारातले ३० टक्के कापले जातात. चार वर्षांत त्याचे स्वतःचे पाच लाख दोन हजार, तेवढेच सरकारचे आणि वरचं व्याज. म्हणजे निम्मी भेट त्याने स्वतःलाच दिलेली आहे! त्यात बहिणीचं लग्न, घरावरचा पत्रा, एक बोअर. एक अँजिओप्लास्टी किंवा मणक्याचं एक ऑपरेशन त्यात बसवून दाखवा.

अपंगत्व आलं तर भरपाई आहे. शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५, पन्नासला १५ लाख. रक्कम लहान नाही, हे मान्य करतो. पण ती एकदाच मिळते आणि एकविसाव्या वर्षी पाय गेलेल्या मुलापुढे पन्नास वर्षं असतात. कृत्रिम पाय बदलावा लागतो, जखमा चिघळतात, मूत्रपिंडं दगा देतात. पेन्शनवाला जवान त्याच खड्ड्यात, त्याच सुरुंगावर जखमी झाला तर त्याला आयुष्यभर ईसीएचएस. सुरुंगाला भरतीचं वर्ष कळत नाही, सरकारला मात्र कळतं.

पेन्शन नाही म्हणून आरोग्य योजना देता येत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला ७ मार्च २०१९ ची आठवण द्या. त्या दिवशी याच केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळाने पेन्शन नसलेल्या अल्पसेवा अधिकाऱ्यांना, आपत्कालीन कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांना आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना वर्गणी घेऊन ईसीएचएसचं दार उघडलं. योग्यच केलं. पाच-दहा वर्षं सेवा करून परतलेल्या अधिकाऱ्याला जे पेन्शनशिवाय मिळू शकतं, ते चार वर्षं त्याच बर्फात उभ्या राहिलेल्या पोराला का नाही? वर्गणी लागत असेल तर सेवानिधीतून कापा. कापण्यात सरकारचा हात कधी आखडलेला आम्ही पाहिला नाही.

हा जिल्हा मिलिटरी अपशिंग्याचा आहे. त्या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान दिले. आजही माण-खटावच्या माळावर पहाटे पोरं पळताना दिसतात, पायात कधी बूट असतात, कधी नसतात. त्यांच्या आईबापांनो, उद्या मुलाच्या भरतीचं पत्र येईल आणि तुम्ही पेढे वाटाल. वाटा. पण पेढ्यांच्या आधी एक प्रश्न विचारा: चार वर्षांनी हा आजारी पडला तर कुठे न्यायचा?

सत्कार खूप झाले. १५ ऑगस्टला शाल, २६ जानेवारीला नारळ, २६ जुलैला कारगिलच्या नावाने भाषण. शाली आमच्या ट्रंकेत पडून आहेत. निवडणुकीच्या वर्षी हारांचा आकार वाढतो, हेही आम्ही बघतो. यंदा जो पुढारी हार घेऊन येईल त्याला नम्रपणे विचारा की आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णालयांची ईसीएचएसची थकबाकी किती आहे आणि त्यासाठी आपण कुणाला पत्र लिहिलं. उत्तर आलं तर हार घालून घ्या.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडायचा ठराव खाली देत आहोत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून नोंद करून घ्या, सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. एक नक्कल खासदारांना, एक जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी कार्यालयाला, आणि एक गावातल्या माजी सैनिकाकडे राहू द्या.

"ही ग्रामसभा केंद्र सरकारकडे मागणी करते की, ईसीएचएस योजनेतील रुग्णालयांची बिले ठरलेल्या मुदतीत द्यावीत आणि प्रत्येक पॉलिक्लिनिकच्या फलकावर थकलेल्या बिलांची रक्कम दर महिन्याला लिहावी, पॉलिक्लिनिकपासून दूर असलेल्या तालुक्यांत महिन्यातून किमान दोनदा डॉक्टर व औषधांसह फिरते पथक पाठवावे, चार वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक अग्निवीरास वर्गणी भरून ईसीएचएसचे सभासद होण्याचा पर्याय द्यावा, आणि सेवेत अपंगत्व आलेल्या अग्निवीरास ही योजना विनावर्गणी, आयुष्यभरासाठी लागू करावी."

आपले,
सातारा जिल्ह्यातील काही माजी सैनिक, वीरपत्नी आणि अग्निवीरांचे पालक

(पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या घरात द्यावे.)